ज्वारीच्या मुळाशी

वऱ्हाडच्या शेतीविषयी लिहावयास बसले की लेखणी आपोआप कापसाकडे वळते, आणि कारंज्यासारख्या कसब्याविषयी लिहिताना तर तसे होणे अगदी स्वाभाविक आहे. कारण मोगलाईच्या काळापासून व्यापारी पेठ म्हणून नावाजलेल्या, १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेची नजर जिच्याकडे वळावी इतक्या संपन्न असलेल्या, आणि पुढे इंग्रजी अमलात मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या गाडीने रुईच्या गाठी रवाना करणाऱ्या या गावाची सारी कीर्ती कापसाच्या बाजाराशी निगडित झालेली आहे. परंतु कापूस विकावयाचा असे आणि ज्वारी खावयाची असे. कापसाच्या पैशातून सावकाराचा हप्ता आणि सरकारचा सारा फिटे. घरातली माणसे जगत ती भाकरीवर, कण्यांवर आणि आंबिलीवर, आणि गोठ्यातली बैलजोडी जगे ती कडब्यावर. ज्या वर्षी कापूस बुडे त्या वर्षी कुणबी कर्जबाजारी होई, ज्या वर्षी ज्वारी बुडे त्या वर्षी तो गाव सोडी. म्हणून हा लेख ज्वारीविषयी आहे, आणि त्याहूनही अधिक तिच्या मुळाशी जमिनीखाली चालणाऱ्या एका चोरीविषयी व ती चोरी रोखण्याचे जे सामर्थ्य काही वाणांच्या रक्तातच असते त्याविषयी आहे.

या चोराचे नाव टारफुला. शास्त्रज्ञ त्याला स्ट्रायगा म्हणतात, आणि आपल्याकडे जी जात प्रामुख्याने आढळते ती स्ट्रायगा एशियाटिका. मृगाच्या वा आर्द्राच्या पावसावर पेरलेली ज्वारी डवऱ्याचे दोन-तीन फेर घेऊन गुडघ्याच्या वर आली, निंदण आटोपले, आणि श्रावणाच्या उघडिपीत शेतकऱ्याने जरा निश्चिंतपणे धुऱ्यावर बसावे, तोच वावरातला एखादा पट्टा निस्तेज दिसू लागतो. जमिनीत ओल असते, आभाळात ढग असतात, तरी दुपारच्या वेळी पाने अशी मरगळतात की जणू महिनाभर पाणी पडलेले नाही; वाढ खुंटते, पोटरी धरत नाही, आणि धरलीच तर कणीस मुठीएवढेही भरत नाही. यानंतर काही दिवसांनी त्या रोगट ताटांच्या बुडाशी वीतभर उंचीची, अरुंद खरखरीत पानांची, नाजूक पांढऱ्या फुलांची रोपटी डोके वर काढतात. पाहणाऱ्याला ती निरुपद्रवी वाटतात, कारण त्यांची पाने हिरवी असतात आणि हिरवे पान स्वतःचे अन्न स्वतः करते हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. पण नुकसान तोवर बहुतांशी होऊन चुकलेले असते. चार ते सात आठवडे जमिनीखाली राहून, ज्वारीच्या अन्नपाण्यावर पोसून, मगच हा पाहुणा प्रकाशात येतो.

त्याची करणी पाहावयाची तर रोपटे नुसते उपटून भागत नाही. ओढले की ते मध्येच तुटते आणि हाती केवळ खोड येते. खुरप्याने भोवतालची माती सैल करून, ताट आणि टारफुला दोन्ही एकाच ढेकळासकट उचलून, ते ढेकूळ पाण्याच्या बादलीत ठेवावे आणि काळी माती आपोआप विरघळू द्यावी. मग दिसते ते असे : टारफुल्याचे मातीखालचे खोड हिरवे नसून पांढुरके, ठिसूळ आणि खवल्यांसारख्या पानांनी झाकलेले असते, त्याला स्वतःची म्हणावीत अशी मुळे फारच थोडी, आणि ज्या ठिकाणी ते ज्वारीच्या मुळाला भिडते तेथे मोहरीएवढी एक फुगवटी असते. ही फुगवटी म्हणजे त्याचे शोषकांग. नखाने ती सोडवू गेले तर सुटत नाही, मुळाची साल घेऊन येते. कारण ती वरवर चिकटलेली नसते, ज्वारीच्या मुळाची साल आणि आतले स्तर भेदून थेट पाणी वाहणाऱ्या नलिकांना जाऊन मिळालेली असते. त्यातच टारफुल्याच्या पानांवरील रंध्रे ज्वारीच्या रंध्रांप्रमाणे दुपारी मिटत नाहीत, रात्रंदिवस बाष्प सोडीत राहतात, आणि या अखंड ओढीमुळे पाण्याचा प्रवाह यजमानाकडून पाहुण्याकडे वाहत राहतो. ओल्या जमिनीत उभी असलेली ज्वारी तहानेने का मरगळते याचे उत्तर त्या मोहरीएवढ्या सांध्यात आहे.

परोपजीवी वनस्पती आपल्याला अपरिचित नाहीत. आंब्यावरचे बांडगूळ आणि बाभळीवर पिवळी जाळी टाकणारी अमरवेल सर्वांना ठाऊक आहे. तंबाखूच्या मळ्यात बंबाखू काय अनर्थ करतो ते निपाणीकडच्या शेतकऱ्यांना विचारावे. इतकेच काय, देवाच्या भाळी लावावयाचे चंदनही अर्धवट परोपजीवीच आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांत शिरतात, आणि मद्रास इलाख्याचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ सी. ए. बार्बर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्या शोषकांगाचा सूक्ष्म अभ्यास करून ठेवलेला आहे. म्हणून आज ज्यांनी वऱ्हाडात चंदनाची लागवड केली आहे त्यांना सोबत तूर लावण्याचा सल्ला मिळतो. निसर्गात परोपजीवन हा एक जीवनक्रम आहे, त्याला आपण पाप-पुण्याची मापे लावू नयेत. पण ज्या घरात वर्षाचे धान्य त्या ज्वारीतून यावयाचे असते त्या घराने टारफुल्याकडे अशा तटस्थ दृष्टीने पाहावे, ही अपेक्षाही कोणी करू नये.

टारफुल्याचे सारे बळ त्याच्या बीजात आहे. एकेक रोपटे हजारोंनी बीज टाकते. ते बी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही लांब नसते, धुळीसारखे ते वाऱ्याने, पावसाच्या लोंढ्याने, जनावरांच्या खुरांनी आणि शेणखताने एका वावरातून दुसऱ्या वावरात जाते, आणि जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत पडून राहू शकते. इतक्या क्षुद्र बियाण्यात शिदोरी ती किती असणार? रुजल्यावर चार-पाच दिवसांत यजमानाचे मूळ सापडले नाही तर अंकुर मरतो. म्हणून निसर्गाने त्याला असा बंदोबस्त करून दिला आहे की केवळ ओल आणि ऊब मिळून ते रुजत नाही. आठ-पंधरा दिवस उबदार ओलीत भिजून ते सिद्ध होते खरे, पण पुढचे पाऊल टाकण्यासाठी त्याला जवळून जाणाऱ्या जिवंत मुळाने पाझरलेल्या एका रसायनाची चाहूल लागावी लागते. ती लागली की अंकुर फुटतो आणि त्या मुळाच्या दिशेने काही मिलिमीटर वाढतो. मुळाशी येताच दुसऱ्या एका प्रकारचे रासायनिक द्रव्य त्याला शोषकांग तयार करण्याचा हुकूम देते. आणि मग शिरकाव होतो. म्हणजे या चोराला घराचा पत्ता घरमालकच देतो.

बी जागे करणारे हे द्रव्य कोणते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना अनेक दशके छळीत होता, आणि त्याचे उत्तर ज्या पिकात सापडले ते कारंज्याच्या वाचकाला अगत्याचे वाटावे. १९५६ साली अमेरिकेतील कॅरोलिना प्रांतांत मक्याच्या शेतात टारफुला उगवलेला आढळला. तेथील लोकांना तो अनोळखी होता, आणि भारतातून तेथे शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थ्याने तो ओळखला असे सांगितले जाते. त्या देशाच्या सरकारने या तणाविरुद्ध जी मोहीम काढली तिच्या आनुषंगिक संशोधनात कुक, वॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली टारफुल्याचे बी रुजविणारे पहिले शुद्ध द्रव्य वेगळे केले, आणि त्याचे नाव ठेविले स्ट्रायगॉल. ते त्यांना ज्वारीच्या वा मक्याच्या मुळांत सापडले नाही. सापडले कपाशीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रवात. (हेच वॉल पुढे कर्करोगावरील औषधांच्या शोधामुळे जगविख्यात झाले, आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाच्या झाडाच्या ज्या द्रव्यासाठी बेसुमार तोड झाली, त्या कॅम्प्टोथेसिनचा शोधही त्यांच्याच प्रयोगशाळेतला.) अब्जांशाहूनही सूक्ष्म प्रमाणात हे द्रव्य टारफुल्याच्या बियाला जागे करते, आणि कपाशी ते मातीत सोडते, पण कपाशीच्या मुळात मात्र टारफुल्याला प्रवेश नाही. बी रुजते, अंकुर मुळाकडे धावतो, तेथे त्याला काहीच मिळत नाही आणि तो मरतो. शेतीशास्त्राच्या भाषेत कपाशी ही टारफुल्याचे सापळापीक ठरते.

वऱ्हाडातील जुन्या पीकपद्धतीत कपाशीच्या बेवडावर ज्वारी घ्यावी हा दंडक होता. त्या दंडकाची कारणे जमिनीचा कस, मशागतीची सोय आणि बैलांचा चारा अशी अनेक होती, आणि आपल्या पूर्वजांना स्ट्रायगॉलचे ज्ञान होते असा दावा करण्याचे मला कारण दिसत नाही. पण एका वर्षी कपाशीने जमिनीतले काही बीज फसवून मारावे आणि दुसऱ्या वर्षी ज्वारीला त्याचा लाभ व्हावा, हे त्या फेरपालटीत नकळत घडतच होते. कपाशीत तुरीचे तास धरण्याची चालही याच कामी येत असणार, कारण तुरीच्या मुळांतही बीज जागे करण्याचा हा गुण आहे. जेथे हा फेर मोडला आणि ज्वारीवर ज्वारी पेरली गेली, जेथे जमीन बरड आणि खत बेताचे, तेथे टारफुला माजला. कस कमी झालेल्या, विशेषतः स्फुरदाची वाण असलेल्या जमिनीत ज्वारीची मुळे हे आवाहक द्रव्य अधिकच सोडतात, हे पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले. गरिबाच्या वावरावरच या चोराची धाड अधिक का पडते, याचे हे शास्त्रीय कारण आहे.

पण वनस्पतीने आपल्या शत्रूला स्वतःहून बोलवावे हे निसर्गाच्या कारभारात कसे टिकले? हा प्रश्न स्ट्रायगॉलच्या शोधानंतर जवळजवळ चाळीस वर्षे अनुत्तरित राहिला. २००५ साली जपानमधील आकियामा, मात्सुझाकी आणि हायाशी यांनी दाखविले की स्ट्रायगोलॅक्टोन या कुळातील ही द्रव्ये मुळांशी सहजीवन करणाऱ्या उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी असतात. ती बुरशी आपल्या तंतूंनी दूरवरचा स्फुरद ओढून आणते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. २००८ साली फ्रान्स आणि जपानमधील दोन संशोधनसमूहांनी आणखी एक गोष्ट उघड केली : हीच द्रव्ये झाडाच्या अंगात संप्रेरकाचे काम करतात आणि किती फांद्या व किती फुटवे फुटावेत ते ठरवितात. म्हणजे ज्वारी चोराला बोलावीत नव्हती, मित्राला हाक मारीत होती. चोराने ती हाक ऐकण्याचे कान कमावले. टारफुल्याच्या जनुकसंचात ही हाक ऐकणारी ग्राहक प्रथिने इतर वनस्पतींच्या मानाने कितीतरी अधिक संख्येने आहेत, आणि त्यांतील काही तर कल्पनातीत संवेदनशील आहेत.

येथून पुढे वाणांचा प्रश्न सुरू होतो, आणि मला ज्याचे महत्त्व सर्वाधिक वाटते तो हाच भाग आहे. सर्व ज्वाऱ्या टारफुल्याला सारख्याच बळी पडत नाहीत हे शेतकऱ्यांना आणि संशोधकांना जुन्या काळापासून दिसत होते. दक्षिण आफ्रिकेत साँडर्स यांनी १९३० च्या दशकात प्रतिकारक ज्वारीची निवड सुरू केली. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागातील बिळीचिगन या वाणाची ख्याती याच गुणासाठी होती. वऱ्हाड-नागपुराकडे सावनेर, रामकेल यांसारखे उंच, दीर्घ मुदतीचे वाण चालत. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथे निवडलेली मालदांडी रब्बी हंगामासाठी सर्वत्र गेली. हे वाण कोणत्याही एका गुणासाठी निवडलेले नव्हते. भाकरीची चव, कडब्याचा गोडवा, पक्ष्यांचा उपद्रव, पावसाचा खंड, कणसावर पडणारी बुरशी, जमिनीखालचा चोर अशा अनेक कसोट्यांवर पिढ्यानुपिढ्या घासून त्यांतला प्रत्येक आपापल्या मुलखाला मानवलेला होता.

१९६४ साली देशातील पहिली संकरित ज्वारी, सी.एस.एच.-१, प्रसारित झाली. ठेंगणी, लवकर येणारी, खताला भरभरून प्रतिसाद देणारी ही ज्वारी महाराष्ट्रात खरीप हंगामात वेगाने पसरली, आणि दुष्काळांनी गांजलेल्या त्या वर्षांत तिने किती घरांची चूल पेटती ठेविली हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण तिच्या रक्तात टारफुल्याशी झगडण्याचे बळ नव्हते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत प्रतिकारक वाणांची परीक्षा सुरू झाली, तेव्हा कोणता वाण किती बळी पडतो हे मापण्यासाठी शेजारी लावावयाचा दुबळा वाण म्हणून सी.एस.एच.-१ ची योजना झाली. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी-चौकटीने मांडणी करून प्रत्येक नव्या वाणाच्या बाजूला तिची चौकट असे. ज्या शेतात टारफुल्याचे बी मुद्दाम साठवून ठेवलेले असे त्या शेतात अनेक हंगाम हे परीक्षण चाले, कारण एका पावसाळ्यात विरळ उगवलेला टारफुला दुसऱ्या पावसाळ्यात तीच जमीन व्यापून टाकतो, आणि एका वर्षाच्या निकालावर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत होते. त्या प्रयत्नांतून १९८० च्या दशकात एसएआर-१ हा वाण टारफुल्याच्या पट्ट्यांसाठी पुढे आला. ५५५ आणि १६८ या दोन वाणांच्या संकरातून तो निपजला होता.

प्रतिकाराच्या तऱ्हा अनेक आहेत, आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हे ध्यानी ठेविले पाहिजे. एन-१३ नावाची एक भारतीय ज्वारी आहे, दुर्रा गणातली. तिची मुळे टारफुल्याच्या बीजाला जागे करण्यात इतरांच्या मागे नाहीत; अंकुर येतो, भिडतो, आत शिरू पाहतो, आणि अडतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी पाटणचेरू येथे त्या मुळांचे सूक्ष्म काप करून पाहिले गेले, तेव्हा आतल्या स्तरातील पेशींच्या भिंती नेहमीपेक्षा जाड झालेल्या आणि लगतच्या स्तरात वाळूतल्या सिलिकेचा साठा झालेला आढळला. वाड्याचा दरवाजा उघडा, पण माजघराची भिंत दगडी, अशी ही तऱ्हा. पुढे जर्मन व भारतीय संशोधकांनी या प्रतिकाराला कारण असलेल्या पाच जागा एन-१३ च्या गुणसूत्रांवर निश्चित केल्या, आणि त्या खुणांच्या आधारे हा गुण सुदानमधील तबत, वद अहमद यांसारख्या लोकप्रिय वाणांत उतरविण्यात आला. २०१२ साली असे वाण तेथील शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाले. आपल्या मातीतल्या एका ज्वारीची दगडी भिंत आज नाईल नदीच्या देशातल्या वावरांत उभी आहे, आणि ही गोष्ट वऱ्हाडात फारशी कोणाला ठाऊक नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी तऱ्हा याच्या उलट आहे; तिथे दरवाजाच सापडत नाही. इथिओपियात एका खेड्यात जन्मलेले, सुदानमध्ये इक्रिसॅटच्या वतीने ज्वारीची पैदास केलेले आणि पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात स्थिरावलेले गेबिसा एजेटा यांनी या तऱ्हेचा ध्यास घेतला. त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी परीक्षा तयार केली : काचेच्या बशीत अगरचा पातळ थर, त्यात भिजवून सिद्ध केलेले टारफुल्याचे बी विखुरलेले, आणि मधोमध ज्वारीचा एक कोवळा अंकुर. मूळ अगरातून वाढत जाते आणि त्याच्यापासून किती अंतरापर्यंत बी रुजले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे. ज्या वाणाभोवती बी रुजतच नाही वा अगदी लगतचे तेवढे रुजते, तो वाण निवडावयाचा. या रीतीने एसआरएन-३९ सारखे वाण वेगळे काढून, संकर करून, हा गुण एकाच अप्रभावी जनुकामुळे येतो असे १९९६ साली सिद्ध झाले. शेतात वर्षानुवर्षे पाहावे लागणारे उत्तर बशीत काही दिवसांत मिळू लागले. २००९ साली एजेटा यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळाले, ते बहुतांशी या आणि दुष्काळसहिष्णू ज्वारीच्या कार्याकरिता.

ते जनुक नेमके कोणते, हे कळावयास २०१७ साल उजाडले. पाचव्या गुणसूत्रावरील एलजीएस-१ नावाच्या या जनुकापासून सल्फोट्रान्सफरेज गटातले एक विकर बनते. ज्या ज्वारीत ते शाबूत असते ती ५-डीऑक्सिस्ट्रायगॉल नावाचे द्रव्य सोडते, आणि टारफुल्याचे बी त्याने खडबडून जागे होते. ज्या ज्वारीत ते जनुक गळालेले वा मोडलेले असते ती ओरोबँकॉल नावाचे द्रव्य सोडते. दोन्ही एकाच कुळातली. पण अणूंची मांडणी उलटी, आरशात दिसावी तशी, आणि तेवढ्या फरकाने टारफुला बहिरा होतो. मातीतली उपकारक बुरशी मात्र ओरोबँकॉलची हाक ऐकू शकते. निरनिराळ्या प्रतिकारक वाणांत हे जनुक निरनिराळ्या प्रकारे मोडलेले सापडले. म्हणजे आफ्रिकेच्या वावरांत ही मोडतोड एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे घडली आणि शेतकऱ्यांच्या निवडीने ती टिकली.

मग हा गुण सर्वच ज्वाऱ्यांत का पसरला नाही? २०२० साली आफ्रिकेतील देशी ज्वाऱ्यांचा नकाशा टारफुल्याच्या नकाशाशी ताडून पाहिला गेला, तेव्हा असे दिसले की जेथे परोपजीवीचा प्रादुर्भाव दाट आहे तेथे हे मोडलेले जनुक अधिक प्रमाणात आढळते, परंतु तेथेही ते सर्वत्र पसरलेले नाही; त्याची काही किंमत झाडाला मोजावी लागत असावी, आणि जेथे चोराचे भय नाही तेथे ती मोजण्याचे कारण नसते. आणखी एक धोका आहे. ज्या बीजभांडारात एकेका रोपट्याची हजारो बीजे असतात, त्यात उद्या ओरोबँकॉल ऐकणारे एखादे बीज नसेलच असे कोण म्हणेल? सूर्यफुलाच्या बाबतीत हेच घडले : युरोपात एका प्रतिकारक जनुकाने बंबाखूच्या जातभाईला रोखावे, आणि काही वर्षांत त्या तणाचा नवा वंश येऊन ते जनुक निकामी करावे, असा खेळ गेले शतकभर चालू आहे. म्हणून माझे मत असे आहे की एकाच जनुकावर विसंबणारा वाण कितीही चांगला असला तरी तो अपुरा; न बोलावणारे मूळ आणि दगडी भिंत असलेले मूळ ही दोन्ही एका ताटात आणावीत, त्याला कपाशीच्या बेवडाची जोड द्यावी, आणि फूल येण्यापूर्वी टारफुला उपटून बांधाबाहेर नष्ट करावा, कारण फुलानंतर उपटलेला टारफुलाही बी सांडून जातो.

आता कारंजा तालुक्यात खरिपात हिंडणाऱ्याला हा सारा ऊहापोह अनाठायी वाटेल. समृद्धी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, अडाण नदीच्या खोऱ्यात, सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या कडेकडेने जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन, मध्ये कपाशी, आणि तुरीचे तास. ज्वारीचे वावर शोधावे लागते. वृद्ध शेतकऱ्याला टारफुला म्हटले की पुरते, तो लगेच कोणत्या धुऱ्यालगत दिसत असे ते सांगतो. तरुणाला रोपटे हातात देऊन दाखवावे लागते. ज्वारी गेली त्याची कारणे टारफुल्याहून मोठी आहेत. परतीच्या पावसात संकरित ज्वारीची कणसे काळी पडत आणि बाजारात मातीमोल भाव येई. पाखरे राखावयास माळ्यावर गोफण घेऊन बसणारे मनुष्यबळ उरले नाही. रोही आणि रानडुकरांनी उभे पीक झोडपावे आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या दप्तरी खेटे घालावेत, त्यापेक्षा सोयाबीन बरे असा हिशोब शेतकऱ्याने केला. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सोयाबीनच्या मुळांतही टारफुल्याचे बी जागे करून मारण्याची शक्ती आहे, वाणपरत्वे कमीअधिक. म्हणजे गेल्या दोन-तीन दशकांत या वावरांतले टारफुल्याचे बीजभांडार बरेचसे रिकामे झाले असणार. ज्वारीकरिता ही जमीन आज पूर्वीपेक्षा निर्मळ आहे असे मानावयास जागा आहे. आणि ज्वारी परत येण्याची बोलणीही सुरू झाली आहेत. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले, शहरांतल्या दुकानांत ज्वारीच्या पिठाला मान आला, मधुमेहाच्या भीतीने लोक भाकरीकडे वळले. पण ज्वारी परतली की तिच्या मागोमाग तिचा चोरही परतेल. ऊस आणि इतर तृणधान्यांवर त्याने तग धरलेला आहेच, आणि धुऱ्यावरची काही गवतेही त्याला पुरतात. त्या वेळी आपल्या हाती कोणते बियाणे असेल?

कारंज्याला या प्रश्नाचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज पडू नये. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून जसे हे गाव ओळखले जाते, तसेच ते सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या जैन परंपरांच्या मंदिरांतील ग्रंथभांडारांसाठीही विद्वानांना ठाऊक आहे. शतकानुशतके कोणी न उघडलेल्या त्या पोथ्या येथील भट्टारकांनी आणि श्रावकांनी वेष्टनांत गुंडाळून जपल्या, आणि १९३० च्या दशकात प्रा. हिरालाल जैन यांनी त्यांतून ‘करकंडचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’ असे अपभ्रंश ग्रंथ संपादून काढले, तेव्हा आपल्या भाषांच्या इतिहासातली एक हरवलेली पायरी सापडली. ज्यांनी त्या पोथ्या जपल्या त्यांना त्यांतून पुढे काय निघेल हे माहीत असण्याचे कारण नव्हते. जुन्या वाणांच्या बियाण्याचेही तसेच आहे. एन-१३ ज्या कोणा शेतकऱ्याने वर्षानुवर्षे कणसे निवडून राखली, त्याने पेशींच्या भिंती कधी पाहिल्या नव्हत्या.

फरक इतकाच की पोथी वेष्टनात टिकते, बियाणे पेरावे लागते. पाटणचेरूच्या शीतगृहात चाळीस हजारांहून अधिक ज्वाऱ्यांचे नमुने सुरक्षित आहेत ही मोठी सोय आहे, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीच्या संशोधनाची परंपरा आहे, हेही वऱ्हाडचे भाग्य आहे. पण शीतगृहातल्या बियाण्याची टारफुल्याशी गाठ पडत नाही, आणि टारफुला मात्र जेथे सापडेल तेथे दर पावसाळ्यात बदलत असतो. म्हणून मला दोन गोष्टी निश्चयाने मागाव्याशा वाटतात. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या तालुक्यांत ज्या मोजक्या घरांत अजून कडब्यासाठी वा हुरड्यासाठी जुनी ज्वारी राखलेली आहे, तिचे नमुने गावाच्या, वावराच्या आणि राखणाऱ्याच्या नोंदीसह आता गोळा व्हावेत, आणि अगरच्या बशीतली ती स्वस्त परीक्षा प्रत्येक नमुन्यावर होऊन तिचा निकाल गावाला कळविला जावा. आणि ज्वारीच्या बियाण्याच्या पिशवीवर जसे मुदत, उगवणशक्ती आणि उत्पादन छापतात, तसे हा वाण टारफुल्याला किती बळी पडतो तेही मराठीत, ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक करावे. कारण पेरणीनंतर सात आठवड्यांनी ते कळून शेतकऱ्याच्या हाती करण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही.